कोरडा पंचनामा

(उन्हाळी व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

पत्रिकेत माझ्या नावाखाली ‘आपत्ती व्यवस्थापनाचे अभ्यासक’ असं छापलंय. संयोजकांचा हेतू चांगला आहे, पण ते खोडून घ्या. मी तलाठी होतो. पुढं मंडळ अधिकारी झालो आणि २०२० च्या मे महिन्यात, अख्खी कचेरी कोरोनाच्या कामात असताना, हारतुऱ्याशिवाय निवृत्त झालो. तीन महापूर पाहिले. २००५ चा तलाठी म्हणून, २०१९ चा मंडळ अधिकारी म्हणून आणि २०२१ चा नुसताच गावकरी म्हणून. पुरातलं मला जे काही कळतं ते पंचनाम्याच्या कागदावरून कळतं, आणि आज त्या कागदाबद्दलच बोलणार आहे.

आत येताना दारातच दोघांनी गाठलं. म्हणाले, आलमट्टी धरणावर बोलणार ना? नाही बोलणार. आमच्याकडं पूर आला की चहाच्या टपरीवर दोन पक्ष पडतात, पुराचं खापर आलमट्टीवर फोडणारा एक आलमट्टीवाला आणि कोयना धरणावर फोडणारा एक कोयनावाला. आलमट्टी हे कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण, सांगलीपासून नदीच्या वाटेनं दोनशे किलोमीटरहून जास्त खाली आहे. पुराच्या अभ्यासाला नेमलेल्या नंदकुमार वडनेरे यांच्या समितीनं २०२० साली अहवाल दिला, त्यात २०१९ च्या पुराचं खापर आलमट्टीवर फोडलेलं नाही. प्रचंड पाऊस, पूरपट्ट्यातली बांधकामं, आक्रसलेली पात्रं यांच्याकडं बोट दाखवलंय. हे न पटणारे इथं निम्मे जण असतील. कर्नाटकला धरणाची पातळी ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ वर न्यायची आहे, महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे, आणि हा वाद माझ्या हयातीत मिटेल असं मला वाटत नाही. धरणाचा निकाल काय लागायचा तो लागो. पाणी घरात शिरल्यावर आणि घरातून उतरल्यावर जे सुरू होतं ते मला ठाऊक आहे, मी तेवढंच सांगतो.

बाहेरगावची मंडळी बसली आहेत म्हणून आधी मुलूख सांगतो. आमच्याकडं पूर फुटांत मोजतात. सांगलीला आयर्विन पुलापाशी ४० फुटांवर इशारा पातळी, ४५ वर धोका. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. जुलै लागला की रस्त्यात भेटलेला माणूस ‘काय, बरं हाय का’ विचारत नाही, ‘किती फूट?’ विचारतो. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, पाण्याच्या दाबानं आपले आपण उघडतात. तिसरा उघडला, पाचवा उघडला, ही बातमी क्रिकेटच्या विकेटसारखी गावभर फिरते. २००५ साली आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या वर गेलं, तेव्हा जुनी माणसं म्हणाली, आता याच्या वर कधी जात नसतंय. २०१९ साली ते ५७ फुटांच्या वर गेलं. कोल्हापूरला त्या साली ५५ च्या वर, आणि दोनच वर्षांनी, २०२१ ला, त्याच्याही वर.

आणि पूर म्हणजे संकटच, असं आमच्याकडं कुणी समजत नाही हेही ध्यानात घ्या. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगेचा संगम. पाणी चढलं की देवळात येतं, पादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. लोक त्या पाण्यात स्नान करायला लांबून येतात. मळीच्या, म्हणजे नदीकाठच्या रानात गाळ बसला तर पुढच्या साली खत कमी लागतं. ज्या माणसाच्या घरात पुराचा सोहळा होतो त्याला तुम्ही भोंग्यावरून सांगता, पाणी येतंय, घर सोडा. तो सोप्यात बसून म्हणतो, पायरी तर बुडू दे.

प्रत्येक घराची एक खूण असते. कुणाची पायरी, कुणाचा तुळशीकट्टा, कुणाच्या भिंतीवर आज्यानं खिळ्यानं ओढलेली रेघ. ‘२००५ ला हितवर आलंतं.’ त्या रेघेच्या वर हातभर सामान ठेवलं की घर निर्धास्त. २०१९ साली माणसं अडकली ती बेफिकिरीनं नव्हे, या खुणांवरच्या विश्वासानं अडकली. माझ्या मंडळातल्या एका घरात धान्याची पोती २००५ च्या रेघेच्या वर दोन वीत उंच, नीट फळीवर रचलेली होती. पाणी उतरल्यावर मी गेलो तेव्हा फळी जागेवर होती, पोती जागेवर होती, आणि पोत्यांच्या शिवणीतून जोंधळ्याचे पांढरे कोंब बाहेर आले होते. घरधनी म्हणाला, ‘भाऊसाहेब, पेरणी झाली बघा आपली.’ मी हसलो नाही. तो हसला.

गंमत अशी की पूर चढत असतो तेव्हा पुष्कळदा गावात ऊन पडलेलं असतं. पाऊस पडतो महाबळेश्वरला, कोयनेला, गगनबावड्याला. आणि आमच्या मदतीच्या नियमांत अतिवृष्टी म्हणजे काय, तर महसूल मंडळात, म्हणजे काही गावांच्या गटात, चोवीस तासांत ६५ मिलिमीटर. नदीच्या पुराला ती अट लागत नाही हे खरं, पण ओढ्याच्या फुगीनं ज्याचं रान बुडलं त्याला पर्जन्यमापकाचा आकडा विचारला जातो. मंडळाच्या गावी ६१ पडला असेल तर त्याचं रान बुडालेलं असूनही कोरडं. सततचा पाऊस ही आपत्ती आहे, हे सरकारला कबूल करायला २०२३ साल उजाडावं लागलं.

हे असं का आहे? माझं उत्तर थोडं जुन्यात जातं. आपली मदतीची सगळी घडण दुष्काळातली आहे. १८७६ ते ७८ चा तो भयंकर दुष्काळ, मग १८८० चा दुष्काळ आयोग, मग प्रांतोप्रांतीच्या दुष्काळ संहिता. आधी पाहणी, मग खात्री, मग मंजुरी, मग वाटप. खोटा लाभार्थी घुसता कामा नये, हा त्यातला पहिला धडा. पैसेवारी, म्हणजे पिकाचा अंदाज पैशांत मांडायची रीत, त्याच घराण्यातली. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमीनं लाखो माणसं जगवली, ती या यंत्रणेची सगळ्यात उजळ बाजू, आणि मला तिचा अभिमान आहे. पण दुष्काळ चालत येतो. आषाढ कोरडा गेला, श्रावण कोरडा गेला, तुमच्याकडं पाहणीला तीन महिने असतात. पूर रात्री अकराला पायरीला लागतो आणि पहाटे चारला छपरात असतो. आपत्ती बदलली, कागदाची चाल दुष्काळाचीच राहिली.

सुटकेचं काम मात्र सुधारलं, हे मी मनापासून सांगतो. त्सुनामीनंतर २००५ साली आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याच साली २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडून मुंबई बुडाली होती, आणि नेमका तेव्हाच इकडं आमचा पूर चालू होता, त्यामुळं आमच्याकडं बघायला कुणाला सवड नव्हती. त्या साली आम्ही माणसं काढली ती काहिलीतून. गूळ करायची काहील, चार माणसं बसतात, वल्हवायला पाट्या. पुढं एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, उभं राहिलं, त्यांची एक बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला असते. २०१९ साली ती आली, लष्कर आलं, नौदल आलं, चार लाखांहून जास्त माणसं हलवली गेली. तरीही ब्रह्मनाळ झालं. पलूस तालुक्यात, येरळा कृष्णेला मिळते तिथलं गाव. ८ ऑगस्ट २०१९. बाहेरची बोट पोचली नव्हती म्हणून गावातल्याच बोटीत माणसं बसली, जास्त बसली, आणि बोट उलटली. डझनाहून अधिक माणसं गेली, त्यांत बायका आणि लहान मुलं होती. अंगात जीवरक्षक जाकिटं नव्हती. मी यावर आणखी बोलू शकत नाही, माफ करा.

आता पंचनाम्याकडं येतो.

पाणी उतरल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आम्ही गावात शिरतो. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक. आता नावं बदलली आहेत, ग्राम महसूल अधिकारी वगैरे, पण लोक तलाठीच म्हणतात. चिखल पोटरीपर्यंत. वास असा की आठवडाभर जेवणात तोच येतो. कुजलेली वैरण, फुटलेलं डिझेल, मेलेली कोंबडी, सगळं एकात एक. दारं फुगलेली असतात, उघडत नाहीत, आणि उघडली की लागत नाहीत. प्रत्येक भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ, जणू कुणी दोरी धरून सगळ्या गल्लीला एकाच उंचीवर मारली आहे. बायका रेशनकार्ड आणि आधारकार्ड दुधाच्या पिशवीत गुंडाळून पोलक्यात ठेवलेली काढून दाखवतात. सोनं कुठं आहे याचं भान नसतं, पण ती पिशवी असते. आमचा कागद काय मागतो हे त्यांना आमच्याआधी माहीत असतं.

मग आम्ही लिहितो. मिळकत क्रमांक. घर पक्कं, कच्चं की झोपडी. पडझड पूर्ण की अंशतः. जनावर दुधाळ की ओढकामाचं. शेताचा गट क्रमांक, पीक, बाधित क्षेत्र, नुकसान ३३ टक्क्यांच्या वर की खाली. २०१५ पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती, ती उतरवली हे चांगलंच झालं. पण तेहेतीस टक्के मोजायची पट्टी आम्हाला कुणी दिलेली नाही. बांधावर उभं राहून डोळ्यानं बघायचं. उसाचं तर विचारू नका. आठ दिवस पाण्यात उभा असलेला ऊस पाणी उतरल्यावर हिरवा दिसतो. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या गाभ्यात, गाळ गेलेला असतो, तो कुजायला पंधरा दिवस लागतात, मग कांड्यांवरचे डोळे फुटतात, बाजूनं पांगशा येतात, वजन जातं. पंचनामा लवकर करा असा वरून रेटा, आणि लवकर केलेल्या पंचनाम्यात ऊस शाबूत. म्हणजे घाई केली तर शेतकरी मरतो आणि उशीर केला तर पेपरात ‘पंचनामे रखडले’. मी दोन्ही केलंय.

दर काय आहेत ते ऐका, कारण मदत जाहीर होते कोटीत आणि पोचते गुंठ्यात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत केंद्राचे ७५ टक्के आणि राज्याचे २५ टक्के असतात, आणि दर केंद्र ठरवतं. २०२२ नंतरच्या निकषांत बागायतीला हेक्टरी १७ हजार, तेही दोन हेक्टरांपर्यंत. गुंठ्याला १७० रुपये झाले. जिरायतीला हेक्टरी साडेआठ हजार. दुधाळ म्हशीला ३७,५००. बाजारात बरी मुऱ्हा लाखाच्या खाली मिळत नाही. माणूस गेला तर वारसाला चार लाख. पूर्ण पडलेल्या घराला सपाटीच्या भागात १ लाख २० हजार. कपड्यांना कुटुंबामागं अडीच हजार आणि भांड्यांना अडीच हजार. राज्य सरकारं त्यावर आपली भर घालतात, २०१९ ला ग्रामीण कुटुंबाला दहा हजार आणि शहरी कुटुंबाला पंधरा हजार सानुग्रह दिले, त्यातले पाच हजार हातात रोख. तो रोखीचा निर्णय मी पाहिलेल्या सगळ्या निर्णयांत शहाणा. चिखल काढायला मजूर लावायचा तर त्याला आज पैसे लागतात, बँक दोन आठवडे चिखलात बंद असते.

त्याच पुरातली दुसरी गोष्टही सांगतो. घर दोन दिवसांहून जास्त पाण्याखाली असेल तर दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ, असा शासन निर्णय निघाला. केवढा गहजब झाला आठवतोय? दोन दिवस बुडायची वाट बघायची का, म्हणून. तो राग रास्त होता. पण ही अट मुंबईत बसून कुणी दुष्टपणानं शोधून काढलेली नव्हती. केंद्राच्या निकषांत ती होतीच, कुणा बाबूनं तिथून उचलून इकडं चिकटवली. मला ती अट बघून राग कमी आला आणि ओळख जास्त पटली. हाच आमचा स्वभाव. आधी सिद्ध कर की तू बुडालास. मग धान्याच्या पाकिटांवर नेत्यांचे फोटो चिकटवलेले आले. त्याबद्दल बोलून माझा आणि तुमचा वेळ घालवत नाही.

मला सलतं ते वेगळंच. शिरोळ तालुक्यातल्या एका गावात मी पंचनाम्याला होतो. मागच्या गल्लीत एक बाई, नवरा नाही, दोन खोल्या भाड्याच्या. पायाचं शिलाई मशीन, दहा वर्षांपूर्वी भिशीतून घेतलेलं. चाकात गाळ घट्ट बसलेला, पट्टा सुटलेला. तिनं मशीन उंबऱ्यात आणून ठेवलं होतं, मला दिसावं म्हणून. मी लिहीत होतो, कपडे, भांडी. ती म्हणाली, ‘भाऊसाहेब, मशीन कुठल्या रकान्यात लिवताय?’ मी फॉर्म वरखाली केला. कारागिराच्या अवजारांना निकषांत तरतूद आहे, पण त्याला कारागीर म्हणून कुठंतरी नोंद असावी लागते. पोलकी शिवणाऱ्या बाईची नोंद कोण करतो? मी शेऱ्यात लिहिलं, ‘शिलाई मशीन १, नादुरुस्त’. शेऱ्याला पैसे मिळत नाहीत. तिला ते मी सांगितलं नाही, आणि ती भाडेकरू असल्यानं पुढं घरमालकाचं आणि तिचं सानुग्रहावरून जे भांडण झालं तेही मी मिटवू शकलो नाही.

पंचनाम्याला मालक दिसतो, राहणारा दिसत नाही. सातबारा दिसतो, कसणारा दिसत नाही. वाट्यानं रान करणाऱ्याचं पीक बुडतं आणि मदत ज्याच्या नावावर गट आहे त्याच्या खात्यात, तो पुण्यात. ऊसतोड्याची पालं, वीटभट्टीवरची कुटुंबं, नदीकाठी मासे धरणारे, यांना मिळकत क्रमांकच नसतो. आणि ज्यांच्याकडं कागद आहे त्यांचीही सुटका नाही. एका सातबाऱ्यावर आज्याच्या मागं अकरा नावं. सामाईक खातं. मदत एकाच्या खात्यात जायची तर बाकी दहांचं संमतीपत्र. एक बहीण बेळगावला दिली, तिच्याशी बोलणं बंद. एक भाऊ वारला, त्याच्या वारसांची नोंद नाही. एक पुतण्या दुबईत. मदत मंजूर आहे, यादीत नाव आहे, विशिष्ट क्रमांक आलेला आहे, केवायसीला अंगठाही उठतोय, आणि पैसे अकरा माणसांच्या अबोल्यात अडकलेत. याला सरकार जबाबदार की भाऊबंदकी? दोन्ही, पण पुराच्या आधी कुणाला सवड नव्हती म्हणून हे पुरानंतर उघडं पडतं.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात आणि सोलापुरात सीना नदीनं जे केलं ते तुम्ही बघितलंच. तिथं मी पाहुण्यांकडं गेलो होतो, अधिकारी म्हणून नव्हे. आमच्याकडं पूर गाळ आणून टाकतो, तिकडं मातीच घेऊन गेला. काळ्या रानाच्या जागी मुरूम आणि दगड, विहीर गाळानं भरून सपाट. सरकारनं ऑक्टोबरात ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं, खरडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७ हजार रोख आणि मनरेगातून हेक्टरी तीन लाखांपर्यंतची कामं. आकडा मोठा आहे, नाही म्हणत नाही. पण पाहुण्याच्या बांधावर उभं राहून मी विचारलं, माती आणायची कुठून? तो म्हणाला, ‘तेच तर, तात्या. पैसे देत्याल, माती कोण देतंय?’ शिवाय वाहून गेलेल्या रानाचा पंचनामा करायला बांधाची खूण लागते, आणि बांधच गेलेला. मोजणी होईपर्यंत शेजारी शेजारी भांडायला मोकळे.

कुणी म्हणेल, गावंच उचला आणि माळावर न्या. कोल्हापूरजवळ प्रयाग चिखलीला १९८९ च्या पुरानंतर सोनतळीच्या माळावर प्लॉट दिले. तीन तपं झाली, गाव अजून नदीकाठीच नांदतंय आणि पूर आला की माळावर जातंय. लोकांना मूर्ख ठरवायची घाई करू नका. गोठा, रान, पाणी, देऊळ खाली. वर नुसता प्लॉट. आणि निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे पंचवीस वर्षांत एकदा पाणी येतं तिथं, शहरात मंगल कार्यालयं आणि अपार्टमेंटं उठली, त्यांना माळावर जा म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

मग करायचं काय? माझ्याकडं एकच सूचना आहे आणि ती गावठी आहे. पंचनामा मे महिन्यात करा. गाव कोरडं असताना. दारं उघडतात, माणसं घरात आहेत, भिंती उभ्या आहेत, बांध दिसतोय, तेव्हा प्रत्येक घरात काय आहे, कोण राहतं, मालक कोण आणि भाडेकरू कोण, रान कोण कसतं, चालता न येणारं कोण, गरोदर कोण, डायलिसिसला कोण जातं, म्हशी किती, हे लिहून गावसभेत वाचून दाखवा आणि सह्या घ्या. सातबाऱ्यावरची अकरा नावं तेव्हाच समोर घ्या. लग्नसराईत सगळे भाऊबंद गावात असतात, संमतीपत्र जेवणाच्या पंगतीत सही होऊन जाईल. पाणी उतरल्यावर नव्यानं काही शोधायचं उरत नाही, आहे त्यातलं काय गेलं तेवढी खूण करायची. ई-पीक पाहणी २०२१ पासून पिकाचं हेच करतेय, पेरलेलं आधीच नोंदवा म्हणून. मग घराचं आणि गोठ्याचं का नाही? एका बैठकीत मी हे मांडलं तेव्हा एक वरिष्ठ म्हणाले, ‘नुकसान व्हायच्या आधी पंचनामा? कोणत्या नियमाखाली?’ नियम नव्हता. मी गप्प बसलो.

निवृत्तीनंतर नियम लागत नाहीत. २०२१ च्या मे महिन्यात आम्ही गावात चौघांनी एक दोनशे पानी वही केली. मी, गावातल्या आरोग्याच्या आशा सेविका म्हणजे आशाताई, दूध संस्थेचा सचिव आणि विहिरीच्या मोटारी काढणारा एक पोरगा. कोरोना जोरात होता, घरात कुणी घेत नव्हतं, ओट्यावरूनच विचारायचं. निम्मी वही आशाताईंनी तोंडपाठ भरली. कुणाला शुगर, कुणाचा सातवा महिना, कुणाची म्हातारी उठत नाही. त्याआधी वर्षभर कोरोनाच्या पाहणीला घर अन् घर त्यांनी पायी तुडवलेलं होतं. दूध संस्थेकडं म्हशींची यादी होती, सरकारकडच्या यादीपेक्षा खरी, कारण तिथं दर दहा दिवसांनी बिल निघतं. मोटारवाल्या पोराला नदीकाठची प्रत्येक मोटार कुणाची आणि कुठल्या बोल्टावर बसलीय ते माहीत. आम्ही शेवटचा रकाना केला, ‘आधी काय उचलायचं’. त्यात लोकांनी जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. एकानं सांगितलं, बाबांचा फोटो. एकीनं, लोणच्याची बरणी. पुष्कळांनी, म्हैस. म्हैस घेतल्याशिवाय मी बोटीत बसणार नाही, असं २०१९ ला म्हणालेली माणसं अडाणी नव्हती. म्हैस म्हणजे त्यांचा दर दहा दिवसांचा पगार.

२२ जुलैला पाऊस लागला. त्याच दिवशी तिकडं चिपळूण बुडालं आणि महाडजवळ तळीयेवर दरड कोसळली, बातम्या त्याच्या होत्या. आमच्याकडं पाणी २३ ला चढायला लागलं. वही उघडली, चालता न येणारी सात माणसं दुपारी चारच्या आत हायस्कुलात गेली. यादीत ‘चालता येत नाही’ लिहिलेली एक आजी मात्र शेळी हाताशी धरून स्वतःच चालत आली. विचारलं तर म्हणाली, ‘तवा गुडघा दुखत हुता.’ ट्रॅक्टरच्या तीन फेऱ्यांत जनावरं माळावर. मागच्या गल्लीतलं एक शिलाई मशीन पहिल्या फेरीत, कारण शेवटच्या रकान्यात तेच लिहिलं होतं. ही बाई दुसरी, ते गावही दुसरं, पण ते मशीन ट्रॉलीत चढताना बघून मला बरं वाटलं.

पाणी उतरल्यावर नवा तलाठी पंचनाम्याला आला. तरुण, चांगला मुलगा. वही बघून त्याचे डोळे चमकले, मग म्हणाला, ‘पण तात्या, याच्यावर शिक्का नाही.’ मी म्हटलं, शिक्का तुझ्या पिशवीत आहे. त्यानं शिक्का मारला नाही, मारता येत नव्हता, पण वही शेजारी ठेवून दीड दिवसात गाव उरकलं. शेजारच्या गावाला नऊ दिवस लागले. मशिनं, लोणची आणि भाडेकरू पुन्हा शेऱ्यातच राहिले. त्याला इलाज वर आहे, आमच्या वहीत नाही.

वही मी आणली आहे. भाषणानंतर पुढच्या टेबलावर ठेवतो, ज्यांना आपल्या गावात करायची आहे त्यांनी रकाने उतरवून घ्या. फक्त पानं जपून उलटा, खालून चिकटली आहेत. सगळ्या गावाची घरं लिहिली, आणि माझं लिहायचं राहून गेलं. पाणी येईपर्यंत मी शाळेत होतो, दुसऱ्यांची माणसं मोजत. वहीची पक्की प्रत घरात टेबलाच्या खालच्या खणात होती, २०१९ च्या रेघेच्या दोन वीत खाली.